अक्षय तृतीयेचा स्लॅब

"हे काय चिकटवलंयस भिंतीला?" मी उंबऱ्यातूनच विचारलं.

रोहिणी स्टुलावर उभी होती. हातात रंगीत चिठ्ठ्यांचा गठ्ठा, कानावर पेन्सिल. माझी सून. बेळगावच्या चौगुल्यांची लेक, बांधकामाची इंजिनियर. आमच्या घरामागं सिमेंटची पोती ठेवायची खोली होती. ती तिनं रिकामी करून घेतली, झाडून घेतली, आणि आता पांढऱ्या भिंतीच्या उजव्या टोकाला एक गुलाबी चिठ्ठी दाबून बसवत होती.

"उद्घाटन," ती म्हणाली. "इथनं मागं मागं यायचं, आक्का."

"मागं?"

"दवाखाना सुरू करायचा तर आधी काय पाहिजे? ऑपरेशनची खोली. ती व्हायला आधी काय? एसी. त्याच्या आधी पाइप. पाइपाच्या आधी नकाशा. असं मागं येत येत आज कुणी काय करायचं तिथवर यायचं."

"आमच्यात पाया आधी घालतात," मी म्हटलं. "तुमच्या बेळगावात कळसापासनं बांधत असतील."

ती हसली. मी असं बोलले की लोक गप्प बसतात. ही हसायची, म्हणून मला जास्त राग यायचा.

"पुण्यात मोठ्या कामावर असंच करत होतो. मूळ जपानचं आहे. गाड्यांच्या कारखान्यातलं."

"गाडी आणि घर एकच होय गं?"

"पुढच्याला लागेल तेव्हा, लागेल तेवढंच मागच्यानं करून द्यायचं. आधीच करून ढीग घालायचा नाही आणि अडवूनही ठेवायचं नाही. तुम्ही नाही का, माणूस पानावर बसल्यावर भाकरी टाकता? आधी थापून चवड लावत नाही."

"चवड लावलेली भाकरी शेडबाळ्यांच्या घरात कोण खाईल?"

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली आणि पुढची चिठ्ठी लिहायला लागली.

तेव्हा जयसिंगपुरात डॉक्टर उज्ज्वला मगदूम यांचा बाळंतपणाचा दवाखाना आम्ही बांधायला घेतला होता. आम्ही म्हणजे भूपाल शेडबाळे आणि मंडळी. भूपाल हे माझे मालक. गवंड्याच्या हाताखाली पाट्या वाहून वर आलेला माणूस. ते गेल्यावर गावाला वाटलं, दुकान बंद होणार. मी तिसरीपर्यंत शिकलेली, पोरगा कॉलेजात. पण मी साइटवर खुर्ची टाकून बसले आणि उठले नाही. माझ्यासमोर वाळूत माती मिसळायची कुणाची छाती नव्हती.

आणि एक गोष्ट मी नवऱ्यापेक्षा कडक पाळली. स्लॅबची तारीख. पंचांग बघून मी तारीख द्यायची, बांधून घेणाऱ्याला सांगायची, पाव्हण्यांना सांगायची, आणि त्या दिवशी नारळ फुटायचा म्हणजे फुटायचा. नकाशा आला तर आला. नाही आला तर स्लॅब टाकून घ्यायचा, मग प्लंबर येतो, ब्रेकर लावतो, पाहिजे तिथं भोकं पाडतो. सगळेच तसं करतात. शेडबाळ्यांची तारीख हुकत नाही, असं सांगलीपर्यंत लोक म्हणायचे. मगदूम डॉक्टरांच्या दवाखान्याला मी अक्षय तृतीया दिली होती.

त्यावरूनच त्या दिवशी संध्याकाळी घरात जुंपली. आम्ही जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणारे, त्यामुळं भांडणंही उजेडातच होतात. सन्मतीच्या, माझ्या मुलाच्या ताटात भात वाढत होते, तेव्हा रोहिणी म्हणाली,

"अक्षय तृतीयेला स्लॅब पडणार नाही."

"कोण म्हणतंय?"

"ऑपरेशनची खोली कुठं ते डॉक्टरांचं अजून ठरलेलं नाही. ते ठरल्याशिवाय पाइप ठरत नाहीत. पाइप ठरल्याशिवाय सळईचं ड्रॉइंग पुरं होत नाही. मागच्या मंगल कार्यालयाचं काय झालं? स्लॅब टाकला, मग सतरा ठिकाणी फोडला. आजही पावसाळ्यात मुदपाकखान्यात गळतंय."

"गळतंय तिथं डांबर लावलंय."

"आक्का, हे बाळंतपणाचं हॉस्पिटल आहे. बाई टेबलावर असताना वरनं गळायला लागलं तर डांबर लावणार?"

सन्मती खाली मान घालून जेवत होता. मी त्याला म्हटलं, "बोल की रे. मालक आहेस ना?"

"आक्का म्हणेल तसं," तो म्हणाला.

रोहिणीनं ताट बाजूला सारलं. आवाज चढवला नाही. "तसाच स्लॅब टाकणार असाल तर ड्रॉइंगवर माझी सही नसेल. आणि ह्या कामात मी पण नसेन. पुण्याचे लोक अजून बोलावतात मला. सगळ्यांना उद्या बोलावलंय. एकदा विचारते. त्यानंतर तुम्ही आणि तुमची अक्षय तृतीया."

जा म्हणायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. सन्मतीच्या तोंडाकडं बघितलं आणि भाताचं पातेलं उचलून आत गेले. ती गेली असती तर हा तिच्यामागं गेला असता. राहिला असता तरी नुसता हो आक्का म्हणत राहिला असता. ह्यातलं कुठलं वाईट, ते मला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं आली. डॉक्टरबाई स्वतः आल्या. सांगलीहून बिरनाळे सर आले. लोखंड किती, कुठं, ते हेच काढून द्यायचे. इकबाल मुल्ला आला. आमच्या सगळ्या इमारतींचं नळाचं काम त्याचंच. माझ्या डोळ्यासमोर म्हातारा झालेला माणूस. मी माझी खुर्ची भिंतीच्या मधोमध टाकली. खुर्चीच्या वर भिंतीवर हिरवी चिठ्ठी होती. मीच आदल्या दिवशी रोहिणीच्या हातातनं घेऊन लावली होती ती. स्लॅब, अक्षय तृतीया.

रोहिणीनं एकेकाला विचारलं.

"बिरनाळे सर, सळईचं पक्कं ड्रॉइंग त्याआधी मिळेल?"

बिरनाळ्यांनी चष्मा पुसला. माझ्याकडं बघितलं. "होऊन जाईल."

"इकबालभाई, स्लॅबमधनं जाणाऱ्या सगळ्या पाइपांच्या जागा आधी सांगाल?"

"होईल की, वहिनी." त्यानंही माझ्याकडं बघितलं. "आक्कांनी तारीख दिल्यावर प्रश्न आहे का?"

"डॉक्टर, ऑपरेशनची खोली कुठं, ते ठरेल?"

"ठरवू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आक्कांनी पंचांग बघून दिवस दिलाय. आमच्या आई तर गावभर सांगून आल्यात."

मी पदर सारखा केला. म्हटलं, "झालं? एवढ्यासाठी माणसांची कामं सोडवलीस? चहा आणते."

स्वैपाकघराची मोरी आणि ती पोत्यांची खोली ह्यांच्यामध्ये एकच भिंत. वर झरोका आहे. पूर्वी मी मोरीत उभी राहून हमाल पोती मोजताना काय बोलतात ते ऐकायची. आधण ठेवलं आणि साखर शोधत होते, तोवर रोहिणीचा आवाज आला.

"आता आक्का नाहीत. आता सांगा."

मग इकबाल हसला. "वहिनी, सांगून काय उपयोग? तारीख आक्कांची. त्यांच्यासमोर नाही कोण म्हणणार? टाकू स्लॅब. मग आहेच माझा ब्रेकर."

"म्हणजे जागा देता येणार नाहीत?"

"कशा देणार? खोली पुढं का मागं तेच माहीत नाही. अंदाजानं नळ्या ठेवीन. निम्म्या चुकणार. मागच्या कार्यालयात फोडताना सळया तुटल्या, तवापासनं मला तिथं जेवायला बोलावलं तरी मी वर बघत नाही."

बिरनाळे सर म्हणाले, "माझंही तेच. मी आत्ता देईन ते ड्रॉइंग तुम्ही पुन्हा बदलायला लावणार. लोखंड जास्त घालून देतो, म्हणजे फोडलं तरी चालेल. नेहमी तसंच करतो मी शेडबाळ्यांकडं."

नेहमी. मी साखरेचा डबा तसाच हातात धरून उभी राहिले.

"डॉक्टर?"

"खरं सांगू? लिफ्टजवळ खोली केली तर पेशंट लवकर आत येतो. मागं केली तर बाळंतिणीच्या खोलीतनं सरळ दार मिळतं. मला दोन्हीचा नकाशा बघायचाय. माझ्या भूलतज्ज्ञ बाईंनाही दाखवायचाय. त्या पुढच्या महिन्यात येणार. पण आक्कांना काय सांगू? बरं नाही दिसत."

"मग दोन्ही नकाशे ठेवू या ना," रोहिणी म्हणाली. "घाईनं एक खोडायचा कशाला? कागदावर बदललं तर खोडरबर लागतं, स्लॅबमध्ये बदललं तर ब्रेकर. तुम्हाला ठरवायला किती वेळ पाहिजे ते सांगा, मग तारीख आपोआप कळेल."

"पण आक्काला सांगणार कोण?" हा सन्मती. माझा मुलगा. "मला विचारू नका. आक्काला नाही म्हणायला मी शिकलोच नाही."

रोहिणी म्हणाली, "ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होयला काय अर्थ? मी ह्या होयवर स्लॅब टाकू?"

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला. कप भरले, ट्रे उचलायला गेले तर उजव्या खांद्यातनं अशी कळ आली की डोळ्यापुढं काजवे. ती काही नवी नव्हती. वर्ष झालं असेल. वरच्या फळीवरचा डबा काढताना यायची, वेणी घालताना यायची. मी कुणाला बोलले नव्हते. ट्रे डाव्या हातावर तोलला, उजवा नुसता लावला, आणि गेले.

मला बघून बिरनाळे भिंत वाचायला लागले.

"काय रे, तोंडं का पडली?" मी म्हटलं. "मयताला आलाय का दवाखाना बांधायला? घ्या चहा."

घेतला. इकबालनं कप तोंडाला लावला तो खाली करेना.

"एक चिठ्ठी राहिली," रोहिणी म्हणाली. तिच्या हातात पिवळी चिठ्ठी होती. "आक्का, हे काम तुमचं."

"माझं कसलं?"

"स्लॅबच्या दिवशीचं जेवण."

आमच्याकडं स्लॅब सकाळी सुरू झाला की मध्ये थांबत नाही. मिक्सर फिरत असतो, पाट्या चालू असतात, आणि माणसं पाळीपाळीनं उतरून जेवतात. त्या दिवशी साधं जेवण चालत नाही. खपली गव्हाची गूळ घातलेली खीर, म्हणजे हुग्गी, आणि आमटी, भात, भजी. मालक होते तेव्हापासून ती हुग्गी माझ्या हातची. भाज्या चिरायला बाया असायच्या, पण कायलीतलं उलथणं मी कुणाला दिलं नाही. गूळ पडल्यावर ती घट्ट व्हायला लागते, तेव्हा खांद्यातनं जोर लावून तळापासून ढवळावी लागते. हात थांबला की लागली. लागली की गेली.

"सगळ्यांना विचारलं, तुम्हाला विचारायचं राहिलं," रोहिणी म्हणाली. "अक्षय तृतीयेला सगळ्या माणसांची हुग्गी. होईल?"

मी तोंड उघडलं. होईल, हा शब्द तयारच होता. तो नेहमीच तयार असतो. सासऱ्यांनी कधी सांगितलं तेव्हा होता, मालकांनी सांगितलं तेव्हा होता. रात्री ताप असायचा आणि सकाळी स्लॅब असायचा, तेव्हाही होता. त्यांनी सांगितलं, मी केलं. आता बघा, ह्या बाईनं सांगितलं नव्हतं. विचारलं होतं. आणि उत्तराची वाट बघत थांबली होती, चिठ्ठी हातात धरून, लिहायची घाई न करता.

माझी नजर इकबालवर गेली. तो माझ्याकडंच बघत होता. मघाशी होईल की वहिनी म्हणताना त्याचं तोंड जसं झालं होतं, तसंच माझं आत्ता झालं असणार, असं मला वाटलं. मला ते आवडलं नाही.

"नाही," मी म्हटलं.

सन्मतीचा कप बशीवर वाजला.

"नाही जमणार. माझा उजवा खांदा गेलाय. कायल ढवळणं होत नाही."

मला वाटलं, आता सगळे अगंबाई करत उठतील. डॉक्टरबाई हात धरून बघतील, सन्मती रडवेला होईल. तो अर्धा उठलाही होता. पण रोहिणीनं नुसती मान हलवली. जसं बिरनाळ्यांनी लोखंडाचा आकडा सांगितल्यावर हलवली असती, तशी. "बरं," ती म्हणाली. "म्हणजे जेवणाचं दुसरं काही बघायला पाहिजे. त्याला वेळ लागेल."

मग इकबालनं कप खाली ठेवला. दाढीवरनं हात फिरवला.

"आक्का," तो म्हणाला, "तुम्ही म्हणताच आहात, तर माझं पण नाही."

"काय नाही?"

"पाइपांच्या जागा. अक्षय तृतीयेपर्यंत नाही व्हायच्या. खोली ठरल्यावर मला पंधरवडा लागतो. खरं म्हणजे लागायचा कायमच. तुम्ही कधी दिला नाही."

"तू कधी मागितलास?"

"तुमच्याकडं?" तो म्हणाला, आणि डॉक्टरबाई एवढ्या मोठ्यानं हसल्या की बिरनाळ्यांच्या बशीत चहा सांडला.

मग धरणाचं दार उघडावं तसं झालं. बिरनाळे म्हणाले, नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, नाही, आणि मग त्यांना काय काय बघायचंय ते बोटांवर मोजून सांगत बसल्या. प्रत्येकाच्या नाहीमागं एक कधी निघाला. खोली ठरली की एवढ्या दिवसांनी हे, ते झालं की एवढ्या दिवसांनी ते. रोहिणी चिठ्ठ्या काढत होती, सरकवत होती. सगळ्या चिठ्ठ्या सरकल्या, माझ्या डोक्यावरची हिरवी तेवढी राहिली. तिनं तिच्याकडं हात नेला.

"थांब," मी म्हटलं. "ती मी लावलीय. मी काढणार."

खुर्चीवरून उठले आणि डाव्या हातानं काढली.

संध्याकाळी जेवणं आवरल्यावर रोहिणी मोरीत भांडी विसळत होती. मी पाठीमागं उभी राहिले.

"खांद्याचं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुम्ही पातेलं डाव्या हातानं उतरवता. पूर्वी नव्हता उतरवत."

"म्हणजे ठाऊक असून विचारलंस."

"हो."

"चारचौघांत."

"चारचौघांत हो म्हणवून घेतलं होतं तुम्ही सगळ्यांकडनं. तिथंच विचारायला पाहिजे होतं."

तोंड बघा. माझ्या सासूला मी असं बोलले असते तर त्याच मोरीत बुडवली असती तिनं मला.

"आणि मी होईल म्हटलं असतं तर?"

तिनं नळ बंद केला. "तर हुग्गी झाली असती आणि स्लॅब पडला असता. मी बॅग भरली होती, आक्का."

"त्या बॅगेत माझी इरकल असेल," मी म्हटलं. "मागं लग्नाला नेसायला नेलीस ती परत ठेवली नाहीस. ती आधी काढ."

ती तिथंच, ओल्या हातानं, भिंतीला टेकून हसत सुटली. मला ह्या खेपेला राग आला नाही. दुसऱ्या दिवशी तीच मला सांगलीला हाडांच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. तिनं विचारलं, येणार का? मी म्हटलं, येते.

स्लॅब पडला तो आषाढाच्या तोंडावर, एका साध्या बुधवारी. पंचांगात त्या दिवशी चांगलं काहीच नव्हतं. नकाशा पक्का झाला होता, खोली मागं गेली होती. सळयांच्या जाळीतनं इकबालच्या नळ्या जिथल्या तिथं वर आल्या होत्या, तोंडं बांधून. आभाळ भरून आलं होतं, पण दिवसभर पडलं नाही. जेवण आचाऱ्याचं होतं. हुग्गीत गूळ कमी होता आणि मी ते त्याला दोनदा सांगितलं.

माझी थोरली नणंद कुपवाडहून आली होती, तारक्का. मालकांची सख्खी बहीण. भावाच्या प्रत्येक स्लॅबला आलेली, आणि प्रत्येक स्लॅबला काहीतरी बोलून गेलेली. माझ्या शेजारी खुर्चीवर बसली, वर मिक्सरकडं बघितलं, खाली द्रोणातल्या हुग्गीकडं बघितलं.

"काय गं वैनी," ती म्हणाली, "शेडबाळ्यांची तारीख हुकली म्हणे ह्या खेपेला. अख्ख्या कुपवाडात झालं. माझ्या भावाच्या पाठीमागं हे दिवस आले म्हणायचे. सुनेनं मोडली का?"

"सुनेची काय बिशाद? मी मोडली."

"तू?"

"मला विचारलं हुग्गी होईल का. मी नाही म्हटलं."

"नाही म्हटलं म्हणजे?"

"म्हणजे नाही म्हटलं. खांदा दुखतोय, होत नाही, म्हणून सांगितलं."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

तारक्का माझ्याकडं बघत राहिली. मी तयारीत होते. तिनं एक बोलायचं, मी दोन, ही आमची जुनी रीत. वर कुणीतरी ओरडलं, पाटी चालू द्या, आणि मिक्सर पुन्हा घरघरायला लागला. तिनं द्रोण खाली ठेवला. चमचा तिनं सगळा वेळ डाव्या हातात धरला होता, ते मला तेव्हा दिसलं.

"मग काय झालं?" तिनं हळूच विचारलं. "नाही म्हटल्यावर?"

"काही नाही. बरं म्हणाले."

ती पुन्हा वर स्लॅबकडं बघायला लागली. मग उजवा हात पदराखालनं काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. बोटं आखडलेली होती, सुजलेली, गाठीगाठींची.

"मिटत नाहीत," ती म्हणाली. "घरात अजून कुणाला सांगितलं नाही. रोज पहाटे सगळ्यांच्या भाकऱ्या मीच थापते."